टोमॅटोला मार्क कशाचे?

यंदाच्या टेक-फेस्टमध्ये गच्चीवरच्या हायड्रोपोनिक्स युनिटची स्पर्धा आहे. चार टीम, प्रत्येकीला टोमॅटोची वीस रोपं, आणि नियम एकच : ज्यांच्या फळाचा ब्रिक्स सगळ्यात जास्त, ते जिंकले. नोटीस बोर्डवर हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. हा नियम चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रोपं अजून ट्रेमध्ये आहेत, तोवर तो बदलावा म्हणून हा लेखनप्रपंच. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळ बघून घेईलच!)

आधी हे ब्रिक्स प्रकरण काय ते बघू. एकोणिसाव्या शतकातल्या अडॉल्फ ब्रिक्स या जर्मन गृहस्थांच्या नावाचं हे माप. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर म्हणजे १ डिग्री ब्रिक्स. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आकडा वाचायचा. सोप्पं! पण ते यंत्र साखर ओळखत नाही हो. प्रकाश किती वाकला एवढंच ते बघतं. साखरेने वाकतो तसा तो आम्लानेही वाकतो, क्षारानेही वाकतो. मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून बघा, तेही 'गोड' निघेल.

आपल्या होस्टेलमधल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांना हे सांगायला नको. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्सवर कोणी थांबत नाही. तिथे पोल वेगळा मोजतात, आणि ब्रिक्स २० असून पोल १७ असेल तर रसाची शुद्धता ८५ टक्के धरतात. म्हणजे ज्या धंद्यातून हे माप आलं, तो धंदाच त्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. (टोमॅटोला पोल लावता येणार नाही, कारण त्यातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. असो.)

बरं, हेही सोडून देऊ. माझा खरा आक्षेप पुढेच आहे. ब्रिक्स वाढवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे टाकीतलं द्रावण खारट करणं. ईसी चढवला की मुळांना पाणी ओढणं जड जातं, फळ फुगत नाही, आणि साखर कमी पाण्यात उरते. जपानमध्ये कोची प्रांतात १९७० साली वादळाने समुद्राचं पाणी शेतात घुसलं. नंतर त्या खारावलेल्या जमिनीत टोमॅटो आले ते लहान, पण भलतेच गोड. आज तिथले लोक असे टोमॅटो मुद्दाम पिकवतात आणि चढ्या भावाने विकतात. त्याला माझी हरकत नाही, उलट सलामच आहे. उलटं उदाहरण हॉलंडचं. तिथल्या काचघरांत भरघोस पीक निघायचं, पण १९९० च्या सुमारास जर्मन गिऱ्हाइकांनी त्या टोमॅटोंना 'पाण्याचे बॉम्ब' म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर डच शेतकऱ्यांना चवीच्या जातींकडे वळावं लागलं.

म्हणजे गोडी आणि वजन यांची देवाणघेवाण असते. आता साधं गणित करा. समजा एका टीमने झाडामागे ४ किलो फळ काढलं, ब्रिक्स ५. म्हणजे विरघळलेला माल २०० ग्रॅम. दुसरीने मीठ चढवून २ किलो काढलं, ब्रिक्स ८. माल १६० ग्रॅम. आपल्या नियमाने बक्षीस कोणाला? ज्यांच्या झाडाने कमी साखर बनवली त्यांना!

साखर टाकीत बनत नाही, पानात बनते. शाळेत सिस्टरांनी फोटोसिंथेसिस चांगलं घोटून घेतलं होतं, 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मात्र मला इथे येऊन कळला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेल्या ट्रेला कुठलंही टॉनिक पाजा, काही फरक पडणार नाही. एका टीमचा तर टाकीत काकवी ओतायचा बेत आहे म्हणे! मुळं ती साखर खाणार नाहीत, बॅक्टेरिया खातील आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतील. आधीच २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. गच्चीवर काळी टाकी उन्हात ठेवल्यावर मुळं कुजली तर नवल नाही.

मग खतांचं काम काय? पानाच्या कामात अडथळा येऊ न देणं. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या मधोमध बसलेलं, पोटॅशियम साखर फळापर्यंत पोचवायला हवं, आणि कॅल्शियम कमी पडलं की फळाचं बूड काळं पडतं. पण 'पोटॅशियमने गोडी येते' म्हणून तेच ओतत सुटलात, तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची वाट अडते. बर्कलेच्या होगलंडचा नावाजलेला फॉर्म्युला बघा. त्यात पोटॅशियम सुमारे २३५ पीपीएम, कॅल्शियम २००, मॅग्नेशियम ४८. महत्त्व या प्रमाणाला आहे.

आणि इथेच आपली इंजिनीअर मंडळी फसतात. ईसी मीटर एकूण क्षार सांगतो, कुठला किती ते सांगत नाही. झाड नायट्रोजन आणि पोटॅशियम भराभर उचलतं, कॅल्शियम आणि सल्फेट मागे साचतात. मीटर म्हणतो २.०, सगळं ठीक. टाकीत मात्र पोटॅशियमचा दुष्काळ! त्यात आपलं बोअरचं पाणीच ०.९ ईसीचं. म्हणजे दोनातला जवळजवळ अर्धा आकडा खताचा नाहीच. एका टीमने मायक्रोकंट्रोलरवर ऑटोमॅटिक डोसिंग बसवलंय. ईसी घसरला की ए आणि बी टाकीतून सारखं सारखं खत. सर्किट झकास आहे, खरंच. पण चुकीचं प्रमाण ते अगदी अचूकपणे टिकवून धरणार! दर दोन आठवड्यांनी द्रावण बदलून टाकणं (टाकून दिलेलं बागेतल्या झाडांना घाला) हे त्यापेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचं.

तर कमिटीला विनंती. झाडामागे एकूण वजन गुणिले ब्रिक्स, असे मार्क द्या. किती पाणी लागलं ते प्रत्येक टीमने वहीत लिहावं आणि त्यालाही मार्क असावेत. बूड काळं पडलेली फळं वजनात धरू नका. आणि थोडे मार्क चवीला ठेवा, कारण आंबटपणा नसलेला नुसता गोड टोमॅटो कोशिंबिरीत कोणाला आवडतो? चव बघायला मेसच्या मावशींना बसवा. फक्त कुठली थाळी कुठल्या टीमची ते त्यांना सांगू नका, त्यांचे लाडके कोण ते सगळ्या होस्टेलला माहीत आहे.