छळाच्या दाव्याची पडताळणी तपासातच व्हावी

दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
गृह विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय : पती किंवा पत्नीच्या खुनाच्या गुन्ह्यात आरोपी जोडीदाराने छळाचा बचाव घेतल्यास त्याची तपासाच्या टप्प्यावरच पडताळणी करण्याबाबत परिपत्रक काढणे.

महोदय,

आम्ही सत्र न्यायालयांत फौजदारी काम करणारे वकील आहोत. आमच्यातले काही आरोपीच्या बाजूने उभे राहतात, काहींनी वर्षानुवर्षे सरकारी वकील म्हणून काम केले आहे. सोबत कौटुंबिक समुपदेशन करणाऱ्या काही जणी आहेत. एरवी कोर्टात आम्ही एकमेकांविरुद्ध भांडतो. या एका विषयावर आमचे एकमत झाले, म्हणून हे निवेदन.

पत्नीने पतीला मारले आणि "तो मला छळत होता" असे ती म्हणाली, की त्या म्हणण्याकडे संशयाने पाहिले जाते. हा संशय मुळातच गैर आहे, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्यावर छळाचा आरोप होतो तो माणूस हयात नसतो. त्याची बाजू कोणी विचारू शकत नाही. त्याचे आईवडील कोर्टातल्या मागच्या बाकावर बसून आपल्या मुलाला दारुडा, मारकुटा म्हटलेले मुकाट ऐकतात. शिवाय जन्मठेप डोळ्यांसमोर दिसत असताना आरोपी काहीही बोलू शकतो, हे वकिलांना वेगळे सांगावे लागत नाही. संशय जरूर घ्यावा. आमची तक्रार अशी आहे की, संशय घेतला जातो आणि तिथेच थांबले जाते. तपास होत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. अनेक प्रकरणांत आरोपी स्त्री स्वतःच पोलीस ठाण्यात येते. "दारू पिऊन अंगावर आला, हाताला लागले ते उचलून मारले," असे काहीतरी सांगते. पोलिसांपुढचा हा कबुलीजबाब कायद्याने पुराव्यात येत नाही, आणि ते योग्यच आहे. या तरतुदीत आम्हाला बदल नको. अघनू नागेशिया खटल्यात 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा कबुलीतले कारण, हेतू, आधीचे वर्तन हे भागही सुटे करून वापरता येत नाहीत. वस्तू हस्तगत होण्यापुरता अपवाद सोडला, तर सगळेच बाहेर राहते. परिणामी कबुलीबरोबर छळाची ती पहिली हकीकतही कागदावरून जाते. मग तीन-चार वर्षांनी खटला उभा राहतो आणि साक्षीपुरावा संपल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 खाली आरोपीला विचारले जाते, "तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे काय?" ती तेच सांगते. सरकारी पक्ष उठून म्हणतो, हा पश्चातबुद्धीने घेतलेला बचाव आहे, आजपर्यंत कुठेही आलेला नाही. पहिल्या तासाला सांगितलेली गोष्ट अशा रीतीने शेवटच्या दिवशी सुचलेली ठरते.

मधल्या काळात छळाचा उल्लेख एकाच प्रकारे होतो, उलटतपासातल्या सूचनेत. बचावाचे वकील सासूला किंवा दिराला सूचना देतात आणि नोंद होते : "हे म्हणणे खरे नाही की मयत हा आरोपीस दारूच्या नशेत मारहाण करीत असे." अशी ओळ आम्ही शेकडो जबाबांत वाचली आहे. साक्षीदाराने नाकारले की विषय संपतो. त्या ओळीच्या मागे काही होते की नव्हते, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

आमच्यापैकी एकाने चालवलेल्या एका खटल्यात आरोपीच्या अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर एवढेच होते : ताज्या जखमा नाहीत, प्रकृती स्थिर. पुढे तिच्या भावाला घरातल्या पत्र्याच्या पेटीत सरकारी रुग्णालयाचे दोन जुने केसपेपर सापडले. एकावर उजव्या हाताच्या मनगटाजवळचे हाड मोडल्याची नोंद होती आणि कारण लिहिले होते, "जिन्यावरून पडून". ते कुटुंब राहत होते एका खोलीच्या पत्र्याच्या घरात. जिना नव्हताच. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत तिच्या नावे अदखलपात्र तक्रारी होत्या, त्यांचे उतारे माहितीच्या अधिकारात मागवावे लागले. एका तक्रारीखाली तिचाच जबाब होता : "आमचे आपसात मिटले आहे, माझी काही तक्रार नाही." छळ नव्हताच, हे सांगण्यासाठी सरकारी पक्षाने नेमका हाच जबाब वापरला.

दुसरा खटला याच्या उलट. पत्नीचे म्हणणे होते की घटनेआधीच्या आठवड्यात पतीने रोज रात्री मारहाण केली. पती एसटीत चालक होता आणि त्यातल्या बऱ्याच रात्री तो मुक्कामी गाडीवर परगावी होता. हे डेपोच्या ड्युटीच्या कागदांवर स्वच्छ दिसत होते. ते कागद पोलिसांनी मागवले नाहीत. मयताच्या धाकट्या भावाने खेटे घालून मिळवले आणि सरकारी वकिलांच्या हातात दिले.

पहिल्या खटल्यात खरे बोलणारी बाई आणि दुसऱ्यात खोटा ठपका बसलेला मेलेला माणूस, दोघांचेही नुकसान तपासी अंमलदाराने एकच गोष्ट, छळाच्या दाव्याची पडताळणी, न केल्यामुळे झाले.

ही गोष्ट पोलिसांना करता येत नाही असेही नाही. विवाहित मुलीचा सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला की हेच पोलीस माहेरी जातात, शेजाऱ्यांचे जबाब घेतात, जुने मेसेज आणि फोनचा तपशील काढतात, दवाखान्याचे कागद जप्त करतात, मध्यस्थी केलेल्या नातेवाइकांना बोलावतात. हुंडाबळीच्या कलमात मृत्यूच्या नजीकच्या काळातील छळ दाखवावाच लागतो, म्हणून हे सगळे होते. त्या संसारात काय चालले होते, हे शोधण्याची पद्धत खात्याच्या हातात आहे आणि ती अंगवळणीही पडलेली आहे. मेलेली व्यक्ती पती असली की ती वापरली जात नाही, इतकेच.

इथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून" हा मथळा मराठी वृत्तपत्रांत इतका रुळला आहे की तो वाचताना कोणी थबकत नाही. मारणाऱ्या पतीने मेलेल्या पत्नीवर केलेला आरोप खुनाचे कारण म्हणून छापला जातो आणि त्याचा पुरावा कोणी मागत नाही. उलट बाजूने आलेला दावा मात्र नाटक ठरतो. मार्च 2025 मध्ये मेरठला पतीला मारून मृतदेह निळ्या ड्रममध्ये लपवल्याचा आरोप पत्नीवर झाला, ती घटना उघडकीला आली आणि त्यानंतर महिनोनमहिने त्यावर विनोद फिरले. त्या गुन्ह्याचा निकाल त्या न्यायालयात लागेल. पण भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच संसाराचा तपास करणाऱ्या फौजदाराच्या डोक्यात तो ड्रम असता कामा नये.

कायद्याविषयी थोडक्यात. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 300 मधला "गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ" हा अपवाद 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये तसाच आला आहे. हा अपवाद ज्या खटल्यामुळे घरोघरी माहीत झाला, तो नानावटी खटला मुंबईचाच. 27 एप्रिल 1959 रोजी पत्नीची विवाहबाह्य संबंधांची कबुली ऐकल्यानंतर नौदल अधिकारी नानावटी कुटुंबाला चित्रपटगृहावर सोडून आले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग तिचे प्रियकर आहुजा यांच्या घरी जाऊन त्यांना ठार केले. मधल्या वेळेत राग शमायला पुरेसा अवधी होता म्हणून 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की, मयताच्या आधीच्या कृत्यांमुळे आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली असेल, ती प्रक्षोभ ठरवताना विचारात घेता येते. पुढे 1989 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुयंबुक्कनी खटल्यात दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाचा विचार केला, आणि 2013 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने मंजू लाक्रा खटल्यात सततच्या मारहाणीची पार्श्वभूमी लक्षात घेऊन खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली.

इंग्लंडमध्ये छळणाऱ्या पतीला मारणाऱ्या किरणजित अहलुवालिया यांच्या खटल्यात पहिल्या ज्युरीसमोर त्यांच्या मानसिक अवस्थेचा वैद्यकीय पुरावा आलाच नव्हता. 1989 ची ती जन्मठेप 1992 मध्ये अपिलात रद्द झाली. तिथे पुढे कायदाच बदलला आणि ऑक्टोबर 2010 पासून राग "आकस्मिक" असण्याची अट गेली. आपल्याकडे ती अट राहावी की जावी हा संसदेचा प्रश्न आहे. पतीने केलेली लैंगिक जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेली असल्यामुळे बलात्काराविरुद्धचा स्वसंरक्षणाचा हक्क पत्नीला पतीविरुद्ध सांगता येत नाही, हाही तिथलाच प्रश्न. आमच्या मागण्यांना कायद्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही. गृह विभागाचे परिपत्रक पुरेसे आहे.

प्रक्षोभाच्या अपवादात आपण बसतो हे दाखवण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे आरोपीवर आहे. तो अपवाद निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेचा तोल आपल्या बाजूला झुकतो एवढे दाखवले तरी चालते. पण कारागृहातल्या बाईने तेवढे तरी कुठून आणायचे? माहेरने बहुधा नाव टाकलेले असते. मुले सासरी असतात आणि पुष्कळदा तीच सरकार पक्षाची साक्षीदार असतात. तक्रार केली नव्हती म्हणून छळ नव्हता, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातील 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या सुमारे 14 टक्केच होत्या.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. पती किंवा पत्नीच्या खुनात आरोपी जोडीदाराने छळाचे कारण सांगितल्यास, किंवा परिस्थितीवरून तसे दिसत असल्यास, तपासी अंमलदाराने त्या संसाराच्या पूर्वेतिहासाचा स्वतंत्र अहवाल दोषारोपपत्रापूर्वी तयार करावा. त्यात संबंधित सर्व पोलीस ठाण्यांतील अदखलपात्र तक्रारी, 112 आणि 181 वरील कॉलच्या नोंदी, भरोसा सेल आणि महिला व बाल विशेष सहाय्य कक्षाच्या फायली, संरक्षण अधिकाऱ्याकडील घरगुती घटना अहवाल, शासकीय व खासगी दवाखान्यांचे कागद यांची मागणी केल्याची आणि काय मिळाले, काय मिळाले नाही याची नोंद असावी. खेड्यात पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीकडे विचारणा व्हावी, कारण नवरा-बायकोची बरीच भांडणे तिथेच मिटवलेली असतात. फोनच्या नोंदी मुदतीनंतर मिळत नाहीत, त्यामुळे त्या जतन करण्याचे पत्र पहिल्या आठवड्यातच जावे.

2. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 नुसार खरोखर व्हावी. स्त्री आरोपीची तपासणी महिला वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी. जुने व्रण, भाजल्याच्या खुणा, जुळलेली हाडे यांची अंदाजे वयासह नोंद व्हावी, गरजेप्रमाणे एक्स-रे काढावेत. विचारपूस जुन्या दुखापतींपुरती ठेवावी, घटनेबद्दल काही विचारू नये, म्हणजे कबुलीचा प्रश्नच येणार नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या दिलासा केंद्राने हिंसेच्या खुणा कशा नोंदवायच्या हे वीस वर्षांहून अधिक काळ करून दाखवले आहे. त्यांच्या अनुभवावरून नमुना तयार करावा.

3. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथक घटनास्थळी येणे आता बंधनकारक आहे. त्या पथकाने तुटलेली कडी, दाराला बाहेरून लावलेले कुलूप, भिंतीवरचे जुने डाग याही गोष्टींचे चित्रीकरण करावे.

4. गोळा केलेला प्रत्येक कागद, मग तो दाव्याला पोषक असो वा मारक, न्यायालयापुढे यावा. सरकार पक्ष ज्यांवर विसंबत नाही त्या कागदांचीही यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले आहे. ही यादी बहुतेक ठिकाणी दिली जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

5. मयताच्या आईवडिलांना व भावंडांना या दाव्याची माहिती देऊन त्यावर त्यांचे म्हणणे व कागद तपासातच घ्यावेत. आज त्यांना हे पहिल्यांदा कोर्टात कळते, आणि तोपर्यंत ड्युटीच्या नोंदींसारखे कागद नष्ट झालेले असतात.

6. आरोपी पती असेल आणि "पत्नी छळत होती" किंवा "तिचे संबंध होते" असे म्हणत असेल, तरीही पद्धत हीच. पडताळणीपूर्वी असे कारण पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात देऊ नये.

7. आरोपीला मोफत बचाव देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयाला अटकेच्या दिवशीच कळवावे.

8. पूर्वेतिहासाचा अहवाल नसताना केवळ "पूर्वी तक्रार नाही" एवढ्यावर पश्चातबुद्धीचा युक्तिवाद करू नये, अशा सूचना अभियोग संचालनालयाने सरकारी वकिलांना द्याव्यात.

अहवाल तयार झाल्यावर काही दावे टिकतील, काही पहिल्या आठवड्यातच कोसळतील. जे कोसळतील त्यांचे आम्हाला, बचावाच्या वकिलांनाही, दुःख नाही. अशिलाला खरे सांगायला लावणे त्यामुळे सोपे जाईल.

परिपत्रकाचा मसुदा आम्ही तयार केला असून सोबत जोडला आहे. त्यावर चर्चेसाठी आपण वेळ द्यावी. पोलीस महासंचालक कार्यालय आणि अभियोग संचालनालय यांचे प्रतिनिधी त्या बैठकीस बोलवावेत, कारण मागणी क्रमांक 4 आणि 8 त्यांच्या संमतीवाचून कागदावरच राहतील. तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
(स्वाक्षऱ्या सोबतच्या पानावर)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
संचालक, अभियोग संचालनालय
सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य महिला आयोग