कागद बघा, कुंकू नको

वीस वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून मी सांगलीत खोली शोधत होते. दार उघडणारा प्रत्येकजण आधी विचारायचा, ‘‘मिस्टर काय करतात?’’ भाडं परवडेल का, हे कुणी विचारलंच नाही.

आज साताऱ्यात माझ्या स्वतःच्या दोन खोल्या भाड्यानं असतात. परवा एक बाई मुलीला घेऊन खोली बघायला आली आणि माझ्याच तोंडून निघालं, ‘‘सोबत पुरुषमाणूस कोण?’’ तिची मान खाली गेली. मलाच माझी लाज वाटली.

मैत्रिणींनो, भाडं बुडेल, खोली अडकेल ही भीती खोटी नाही. माझं घर त्या भाड्यावरच चालतं. पण त्यावर उपाय कागदाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, अगदी अकरा महिन्यांचाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर कलम २४ आहेच.

तेव्हा कमाई विचारा, ओळखपत्र बघा, आधीचं भाडं वेळेवर दिलं का ते विचारा. नवरा, जात, धर्म कशाला?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली न्यायालय नवऱ्याला बायकोच्या खोलीचं भाडं भरायला लावू शकतं. पण आपणच दार लावून घेतलं, तर तो हुकूम घेऊन तिनं जायचं कुठं?

त्या बाईला मी परत बोलावलं. करार नोंदवला. दोघींच्याही सह्या आहेत त्यावर.