पिशवी आणि शंभराची नोट मुलांच्या हाती द्या

येत्या बाजाराच्या दिवशी मुलांना बरोबर न्या, आणि पिशवी नि शंभराची नोट त्यांच्याच हातात द्या. हल्ली आपण भाजीवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळीकडे मोबाइलवरून पैसे देतो. क्यूआर कोड स्कॅन केला, स्पीकर बोलला, झालं. मोठ्यांची सोय झाली. पण नोट मोडली, सुट्टे परत आले, पाकीट हलकं झालं, हे आठ-दहा वर्षांच्या मुलांना दिसेनासंच झालं आहे.

माझ्या मुलीला पहिल्यांदा भाजी घ्यायला लावली तेव्हा तिने बाजाराच्या तोंडाशीच मेथीची जुडी 25 रुपयांना घेतली. थोडं पुढे गेलो तर तशीच जुडी 15 ला. ती थबकली, मुठीतल्या पैशांकडे बघत राहिली. मी काहीच बोलले नाही. अर्धा किलो टोमॅटो, दहाची लिंबं घेऊन घरी आलो. पुढच्या रविवारी तिने आधी अख्ख्या बाजारात फेरी मारली, भाव विचारले, मगच पिशवी उघडली. तेव्हा मूल फसलं तर रागावू नका, आणि गुपचूप भरपाईही करू नका.

किराणा दुकानात पाकीट उलटं करून वाचायला लावा. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते, सगळे कर त्यातच आलेले असतात. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो. वजनही बघू द्या. 10 रुपयांचा बिस्किटांचा पुडा 10 लाच मिळत राहतो, आतलं वजन मात्र घटलेलं असतं. मोठा पुडा दरवेळी स्वस्त पडतोच असंही नाही. तो हिशेब मुलांनाच करू द्या. भाव जरूर विचारू द्या, पण पहाटे मळ्यातून भाजी घेऊन आलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालायला मी तरी शिकवणार नाही.

आणि हात जोडून सांगते, परवडत नसेल तेव्हा ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. ‘या महिन्यात शाळेची फी भरायची आहे, म्हणून हे आत्ता नाही,’ असं सरळ सांगा. मुलं हिरमुसतात, पण समजून घेतात.

सुरुवातीला तीनच जिनसांची यादी करा, तीही मुलांच्याच अक्षरात. बाजारात दोन पावलं मागे राहा, भाजीवाल्या मावशींशी त्यांनाच बोलू द्या. मोबाइल पर्समधून काढू नका.