घरातली नदी आणि वरणगावचा मे महिना

‘घरात नदी’ ही कल्पनाच भारी आहे. नेहमीच्या ॲक्वेरियममध्ये पाणी जवळपास उभं असतं. प्लॅस्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि दोन कंटाळलेले गोल्डफिश. नदीच्या टाकीत पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जोरात वाहतं, तळाला गोटे असतात आणि मासे धारेकडे तोंड करून पोहत राहतात. व्हिडिओ बघितला की कोणालाही वाटणार, आपणही करू या. मी आमच्या वरणगावच्या घरी केली आहे, आणि त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. खान्देशात अशी टाकी जरूर करा, पण तिचं डिझाइन मे महिन्यावरून करा. डिसेंबरात कुठलीही टाकी छानच चालते.

आधी रचना सांगतो. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे काठोकाठ साधारण १३० लिटर. एका टोकाला दोन स्पंज, दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडणारे दोन छोटे पंप आणि दोन्ही टोकं जोडणारे पीव्हीसी पाइप वाळूखाली पुरलेले. पंप स्पंजातून पाणी ओढतात आणि समोर फेकतात, त्यामुळे पाणी गोल न फिरता एकाच दिशेने वाहतं. साध्या टाकीत तासाला चार-पाच वेळा सगळं पाणी फिल्टरमधून गेलं की पुरतं. इथे दहा ते वीस वेळा लागतं, म्हणजे ताशी किमान १३०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाइप न जोडता मोजलेला असतो, तेव्हा थोडा मोठाच घ्या. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धरला तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

आता एवढा खटाटोप कशासाठी? ऑक्सिजनसाठी. वाहत्या पाण्यातल्या माशांना तो भरपूर लागतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. ३० अंशांना तोच आकडा साडेसातवर येतो. आणि गंमत म्हणजे (माशांसाठी नव्हे!) पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज उलट वाढते. भुसावळ-वरणगावकडे मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो. शिवाय बुडालेले पंप स्वतः थोडी उष्णता सोडतात ती वेगळीच.

त्यामुळे व्हिडिओत दिसणारे चीन-व्हिएतनामचे चपटे हिलस्ट्रीम लोच आपल्याकडे आणू नयेत असं मला वाटतं. त्यांना २०-२४ अंशांचं पाणी मानवतं. चिलर लावून जमेल, पण महिन्याच्या बिलात आणि पॉवरकटमध्ये तो हट्ट कळेल.

तुम्ही म्हणाल, मग ठेवायचं काय? झेब्रा डॅनिओ ठेवा. स्वस्त, चपळ, धारेत मस्त पोहणारा आणि आपल्याच उपखंडातला. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना त्याचं वर्णन केलं. दुकानात मिळतो तो पैदास केलेला असतो, त्यामुळे नदीतून कोणी उपसत नाही. तिशीच्या वरचं पाणीही तो काही काळ सहन करतो. दहा-बारा पुरे. मेमध्ये तेवढ्यांनाच ऑक्सिजन पुरवायचा आहे, हे लक्षात ठेवा.

काच साफ ठेवायला दुकानदार हमखास ‘सकर’ गळ्यात मारतो. घेऊ नका. हा दक्षिण अमेरिकेचा मासा फूटभराहून मोठा होतो आणि मग लोक त्याला नदीत सोडून मोकळे होतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात सकर आला की काय होतं ते. आपल्या ओढ्यांत दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मळ्या आहे. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद करताना मराठी नावच उचललं, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव आजही गारा मुल्या आहे. तो मात्र ओढ्यातच बघावा. यावल अभयारण्यातून तर काहीही उचलायचं नाही.

पाणी थंड ठेवायची युक्ती खान्देशात कोणाला शिकवायला नको. कूलर जसा चालतो तसंच. झाकण काढून जाळी लावा आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाऊस सुरू झाला की हा उपाय कूलरसारखाच निकामी होतो, पण तेव्हा हवाही उतरलेली असते. पाणी उडून जातं, क्षार मात्र टाकीतच राहतात. म्हणून नुसती भर घालू नका, दर आठवड्याला थोडं पाणी बदला.

राहिली वीज. आमच्या भाषेत सांगायचं तर पंप हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहे. पंचवीस वॅटचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, पण त्याच बॅटरीवर तीन पंखे असतात. म्हणून बॅटरीवर चालणारा वेगळा एअर पंप हवाच. आणखी एक गोष्ट. आपण नोकरीला पुण्यात आणि टाकी गावी, तर खरी ऑन-कॉल ड्यूटी आईची असते. तिला विचारल्याशिवाय टाकी घेणं मला अन्याय वाटतो.

शेवटी आपली नदी तरी बाराही महिने कुठे धावते? पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की तापीकडे बघवत नाही. मेमध्ये सातपुड्यातल्या ओढ्यांचे गोटे उघडे पडतात आणि मासे उरलेल्या डोहात दिवस काढतात. आपल्या टाकीतही मोठ्या दगडांआड असा एक शांत डोह ठेवा.

आणि टाकी घ्यायच्या आधी एक टेस्ट करा. येत्या मेमध्ये ज्या खोलीत टाकी ठेवणार तिथे पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि आठवडाभर दुपारी चारला थर्मामीटर बुडवून आकडा लिहा. तो आकडा बघून मासे निवडा. आकडा फारच वर गेला, तर बादलीवरच थांबा. :)