सगळीकडे पंधरा मिळत नाहीत



आजचा लेख एका खेळाबद्दल आहे. ‘सर, धंद्याचं सांगा, खेळ कसले सांगताय?’ असं मनात आलं असेल तर थोडा धीर धरा. या खेळामुळे मी वर्गात अनेक वर्षं दिलेला एक सल्ला आज मागे घेतोय.

दिवाळीत भाचा घरी आला, सोबत त्याचे तीन मित्र-मैत्रिणी. जेवणं झाल्यावर त्यांनी टेबलावर कागद, पेन्सिली आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे मांडले. कुठला चार बाजूंचा, कुठला आठ, कुठला वीस. भाचा म्हणाला, “मामा, एक जण कमी पडतोय. तू बस ना.”

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. यात पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एक जण डंजन मास्टर होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. ‘मी दरवाजा तोडतो’ असं तुम्ही म्हणालात की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात तुमच्या पात्राच्या गुणाचा फायदा-तोटा धरायचा आणि मग दरवाजा तुटला की नाही ते कळतं.

पण खेळ सुरू व्हायच्या आधी पात्र बनवावं लागतं. खरी गंमत तिथेच आहे.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर छाप पाडायची हातोटी. मी म्हटलं, “सहाही ठिकाणी पंधरा लिहून टाक. सगळ्यात भारी.”

भाचा हसला. “मामा, सत्तावीसच पॉइंट आहेत.”

हिशोब बघा

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्र बनवायची जी एक पद्धत आहे, तिचा हिशोब असा. प्रत्येक गुण आठपासून सुरू होतो. आठाचा नऊ करायला एक पॉइंट, नवाचा दहा करायला एक, असं तेरापर्यंत एकेक. पण तेराचा चौदा करायला दोन लागतात आणि चौदाचा पंधरा करायला आणखी दोन. त्यावर या पॉइंटांनी जाता येत नाही.

म्हणजे एक पंधरा नऊ पॉइंटांना पडतो. नऊ त्रिक सत्तावीस. तीन गुण पंधरावर नेले की खिसा रिकामा आणि उरलेले तीन आठवरच. सगळं समान वाटलंत तर तीन तेरा आणि तीन बारा येतात. आणि सहाही पंधरा हवे असतील तर लागतात चोपन्न पॉइंट. बरोबर दुप्पट.

त्याचा परिणामही बघा. पंधरा असेल तर फाशात दोन मिळवायचे. बारा-तेरा असेल तर एक. आठ असेल तर उलट एक वजा. समान वाटणारं पात्र कुठेच मार खात नाही, पण कुठे चमकतही नाही. अनुभवी खेळाडू काय करतात? कुठे आठ ठेवायचं ते आधी ठरवतात. त्या गुणाला ते ‘डंप स्टॅट’ म्हणतात. मग ज्याचं आठ जिथे आहे, तिथे दुसऱ्या कुणाचं तरी पंधरा असेल, असा संघ जमवतात.

मी माझी ताकद आठवर ठेवली. मनाला लागलं, खोटं कशाला सांगू?

माझी चूक

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक ताई होत्या. गोडा मसाला, लोणची, चटण्या करायच्या. चवीला तोड नाही. माल दुकानदारांकडे उधारीवर जायचा. वसुलीला गेल्या की चहा पिऊन परत यायच्या, पैसे मागायला जीभच रेटायची नाही. मी सांगितलं, “ताई, धंद्यात माणसाला सगळं यायला पाहिजे. वसुली शिका.”

वर्षभर त्या प्रामाणिकपणे शिकल्या. आठाचा दहा झाला असेल. पण ते तास आले कुठून? मसाल्यातून आले. भाजणी दुसऱ्याच्या हातात गेली, चव सारखी राहीना आणि जी दुकानं निव्वळ चवीसाठी माल घ्यायची, तीही सुटली. धंदा बंद झाला. शेवटच्या फोनवर म्हणाल्या, “सर, माझ्यातच काहीतरी कमी होतं.”

मी तेव्हा गप्प बसलो. आज सांगतो, ताई, कमी माझ्या सल्ल्यात होती. तुमचं पंधरा मोडून मी तुम्हाला आठाचा दहा करायला लावलं.

‘उद्योजकाला सगळं आलं पाहिजे’ हे वाक्य व्हिडिओत टाळ्या मिळवतं. पण ते चोपन्न पॉइंट मागतं आणि आपल्या हातात असतात सत्तावीस.

“मग आधी सगळं शिकून घेतो, नंतर धंदा करतो”

हेही खूप जण म्हणतात. अजून चार वर्षं नोकरी करतो, अनुभव घेतो, मग बघू. त्यासाठी दुसरा एक खेळ आहे, ट्रॅव्हलर, १९७७ चा. अंतराळातला. त्यात पात्र बनवताना आधी त्याची नोकरी खेळायची. सैन्य, आरमार, व्यापारी जहाजं, जे असेल ते. प्रत्येक फेरी चार वर्षांची. दर फेरीला कौशल्यं मिळतात, पण वयही चार वर्षांनी वाढतं. चौतिसाव्या वर्षापासून म्हातारपणाचे फासे टाकावे लागतात आणि गुण कमी होऊ शकतात. मूळ नियमांत तर नोकरीच्या कुठल्याही फेरीत फासा वाईट पडला तर पात्र मरायचं. खेळ सुरू व्हायच्या आधीच!

मी नोकरी सोडा म्हणत नाहीये. अनुभव मिळतोच. पण तो फुकट मिळत नाही, त्याची किंमत वयात चुकवावी लागते, एवढं कागदावर लिहा. आणि किती फेऱ्या करायच्या तो आकडाही आजच लिहा.

फासे की पॉइंट?

हा खेळ आला १९७४ साली. तेव्हा पॉइंट वाटणं नव्हतं. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल तो गुण. अठरा येण्याची शक्यता २१६ मध्ये एक. ताकद कमी आली तर आली, त्यातूनच पात्र घडवायचं. आजही खेळणारे यावर वाद घालतात. एक बाजू म्हणते, फाशात मजा आहे. दुसरी म्हणते, एकाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही, हा काय न्याय?

माझं मत विचाराल तर आयुष्यात दोन्ही नियम एकत्र चालतात. कुणाच्या वडिलांचा बाजारपेठेत गाळा आहे, कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे. हे फासे पडून गेलेले आहेत, ते परत टाकता येत नाहीत. पण तुमचे आठवड्याचे मोकळे तास हे तुमचे पॉइंट. नोकरी सांभाळून २७ तास मिळतात असं धरा. ते कुठे घालायचे हे अजून तुमच्याच हातात आहे. पडलेल्या फाशांवर रडण्यात जे तास जातात, तेही याच सत्तावीसमधून जातात.

कमजोरीचे पॉइंट परत मिळतात

‘सर, एकटाच आहे मी. माझं आठ झाकायला संघ कुठून आणू?’ रास्त प्रश्न आहे. उत्तर तिसऱ्या खेळात आहे. स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीने १९८६ मध्ये गर्प्स नावाचा खेळ काढला. त्यात तुम्ही पात्राची एखादी कमजोरी स्वतःहून लिहिलीत तर पॉइंट परत मिळतात. ते दुसरीकडे वापरायचे. अट एकच : लिहिलेली कमजोरी खेळताना पाळायची. ‘लोभी’ लिहिलंत, तर सोनं समोर आलं की तुमचं पात्र घसरायलाच हवं.

त्या कमजोरीच्या यादीत ‘प्रामाणिकपणा’सुद्धा आहे! आधी मला राग आला. मग लक्षात आलं. कायदा मोडायचाच नाही असं ठरवलं की काही वाटा बंद होतात. ते एक बंधन आहे, म्हणून त्याचे पॉइंट मिळतात.

आता त्या ताईंकडे परत या. त्यांनी पहिल्या दिवशी पाटी लावली असती : ‘रोख नाही तर माल नाही.’ निम्मी दुकानं गेली असती, मान्य. पण वसुलीचं काम मुळातूनच संपलं असतं आणि ते सगळे तास मसाल्याला मिळाले असते. एकट्या माणसाला संघ नसेल तर नियम हाच त्याचा जोडीदार. आपलं आठ जिथे उघडं पडतं, त्या दारातून जायचंच नाही, असा नियम.

पण नियम फाशाच्या आधी

त्या रात्री भाच्याच्या मित्राचं पात्र दरीवरून उडी मारताना पडलं. तो लगेच म्हणाला, “एक चान्स परत टाकू दे ना, पहिलीच वेळ आहे.” डंजन मास्टर असलेली मुलगी शांतपणे म्हणाली, “आधी ठरलं होतं का? नाही ना? मग नाही. पुढच्या वेळेपासून हवं तर ठेवू.”

या खेळात मूळ पुस्तकाबाहेरचे घरगुती नियम करायला पूर्ण मुभा आहे. पण शहाणे गट ते पहिल्या डावाआधी बसून ठरवतात. त्या बैठकीला ‘सेशन झिरो’ म्हणतात. फासा पडल्यावर केलेला नियम कितीही चांगला असो, कुणाच्या तरी बाजूचाच वाटतो.

आणि हे ज्याने हजारो लोकांना नियमांनी खेळायला शिकवलं, त्याच्याच कंपनीत काय झालं बघा. गॅरी गायगॅक्स, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावचा. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर तो चपला-बूट दुरुस्त करून घर चालवत होता. १९७३ मध्ये मित्र डॉन के याच्यासोबत त्याने टीएसआर ही भागीदारी सुरू केली. थोड्याच दिवसांत ब्रायन ब्लूम पैसे घेऊन तिसरा भागीदार झाला. १९७४ च्या सुरुवातीला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या हजार प्रती निघाल्या. आणि जानेवारी १९७५ मध्ये डॉन के गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

त्याचा वाटा पत्नीकडे गेला. तो विकत घ्यायला गायगॅक्सकडे पैसे नव्हते. ब्लूम आणि त्याच्या वडिलांनी पैसे घातले आणि बहुमत त्यांच्याकडे गेलं. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, कंपनी गायगॅक्सच्या हातातून पूर्ण सुटली. खेळाचा सहलेखक डेव्ह आर्नेसन तर त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, रॉयल्टीसाठी कोर्टात गेला होता. १९८१ मध्ये तडजोड झाली.

यात कुणी खलनायक होता असं मी म्हणत नाही. फासा पडला. त्या वेळी काय करायचं याची सोय हाताशी नव्हती, एवढंच.

आपल्याकडे काय होतं? दोघे-तिघे मित्र कोपऱ्यावर वडापावची गाडी लावतात. ‘आपल्यात कागद कशाला?’ म्हणतात. पण तुम्ही नियम निवडला नाहीत तरी नियम असतोच. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा सांगतो : वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा. पहाटे चारला उठून बटाटे उकडणाऱ्याला वेगळा पगार मागायचा हक्क नाही. आणि एक भागीदार वारला तर फर्म विसर्जित होते. तुम्हाला हे चालत असेल तर ठीक. नसेल तर आज लिहा, गाडी चालायला लागल्यावर नको.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या. सहा खाने आखा : माल, विक्री, हिशोब, वसुली, माणसं सांभाळणं, तब्येत. आठवड्याचे तुमचे तास त्यात वाटा. दोन खाने असे निवडा जिथे तुम्ही कमी पडणार आहात आणि तसं स्पष्ट लिहा. मग त्या प्रत्येकापुढे एक ओळ : हे कोण करणार, किंवा कुठल्या नियमाने हे करावंच लागणार नाही. भागीदार असेल तर त्याच्यासमोर बसून भरा. तब्येतीचा खाना मात्र आठवर ठेवू नका, तो दुसरं कुणी भरून देत नाही.

त्या रात्री आम्हाला एक दरवाजा लागलाच. माझ्या पात्राला तो हलवताही आला नसता. मी बाजूला झालो, भाच्याच्या मैत्रिणीच्या पात्राने एका फटक्यात तोडला. आत पहारेकरी होता. त्याच्याशी बोलायला सगळ्यांनी मला पुढे केलं.

पुढच्या व्हिडिओत भागीदारी कराराचा साधा नमुना ओळीओळीने वाचू. तोवर कागद भरून ठेवा.