पदवी हातोहात की टपालाने?

परीक्षेचा निकाल लागून कित्येक महिने लोटलेले असतात. मुलगा कोठेतरी नोकरीस लागलेला असतो. मुलगी कदाचित पुढील शिक्षणासाठी दुसऱ्याच राज्यात गेलेली असते. अशा वेळी विद्यापीठाचे पत्रक येते, की पदवीदान समारंभ अमुक तारखेस होणार असून पदवीधरांनी आपले अर्ज भरून पाठवावेत. अर्जात बहुधा दोन पर्याय असतात : ‘समक्ष उपस्थित राहून’ आणि ‘अनुपस्थितीत’. वाचकहो, यांपैकी कोणत्या चौकटीत खूण करावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. आपल्या घरात आज ना उद्या तो येणारच आहे. तेव्हा या वेळी त्याचाच थोडा विचार करू.

प्रथम व्यवहार पाहू. समारंभास न गेल्याने पदवी तिळमात्रही उणी होत नाही. व्यासपीठावर स्वीकारलेले प्रमाणपत्र आणि टपालाने घरी आलेले प्रमाणपत्र यांची योग्यता एकच. आता तर पुष्कळ विद्यापीठांची पदवीपत्रे ‘डिजिलॉकर’मध्येही मिळतात. उलट समारंभास जायचे म्हणजे प्रवासखर्च आला, मुक्कामाची सोय आली, रजा आली, झग्याचे भाडे आले. शिवाय हजारो पदवीधर असले, की प्रत्येकाचे नाव पुकारले जातेच असे नाही. अनेक ठिकाणी आचार्यपदवी मिळविणारे आणि सुवर्णपदकाचे मानकरी तेवढे व्यासपीठावर जातात. बाकीच्यांनी आपल्या विद्याशाखेचा उल्लेख होताच जागेवर उभे राहायचे आणि पुन्हा खाली बसायचे. तेव्हा जाण्याचे ठरविण्यापूर्वी आपले नाव घेतले जाणार काय, आणि घरच्या किती मंडळींना प्रवेश मिळेल, याची विचारपूस अवश्य करावी. पुढची निराशा टळते.

हा जमाखर्च मांडला, की शिल्लक ‘अनुपस्थितीत’ या बाजूस पडते. एकविसाव्या वर्षी मीही तो असाच मांडला होता.

माझे वडील एका लहान गावातील शाळेत शिपाई होते. चौथीपर्यंत शिकलेले. माझ्या शिक्षणासाठी दरमहा न चुकता त्यांची मनिऑर्डर येई. १९७९ साली पदवीदानाचे पत्रक आले, तेव्हा मी सुटीत घरी होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तिथे घरच्या माणसांना आत सोडतात का रे?” मी म्हणालो, “दोघांना सोडतात. पण त्यात पाहण्यासारखे काही नसते.” ते “बरं” म्हणाले आणि घंटा देण्याची वेळ झाली म्हणून शाळेकडे निघून गेले. मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. पुढे पदवीपत्र रजिस्टर टपालाने गावी आले, तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. वडिलांनी पोस्टकार्डावर कळविले, की टपाल पोचले, देवापुढे ठेवले आणि पोस्टमनला साखर दिली. माझा पदवीदान समारंभ तो तेवढाच झाला. आणि त्यालाही मी हजर नव्हतो.

त्यांचा तो प्रश्न म्हणजे केवळ चौकशी नव्हती, हे मला फार उशिरा कळले. माझ्या मुलीचा अर्ज आला, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, उगीच दिवस मोडेल. तुम्ही कंटाळून जाल.” आणि माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले, “तिथे घरच्या माणसांना आत सोडतात का गं?” बोलून गेलो आणि मीच थबकलो. वडिलांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

आपल्या परंपरेत विद्याभ्यास पुरा झाल्यावर जो संस्कार होई, त्याचे नाव ‘समावर्तन’. या शब्दाचा अर्थच मुळी परत येणे असा आहे. अध्ययन संपले, की विधिपूर्वक स्नान करून, नवी वस्त्रे नेसून आणि गुरूची अनुज्ञा घेऊन शिष्य आपल्या घरी परते. त्या स्नानावरूनच तो ‘स्नातक’ म्हटला जाई. आजही आपण पदवीधरास स्नातक म्हणतो, पण त्यामागचे घरी परतणे मात्र विसरतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत निरोप घेणाऱ्या शिष्याला गुरूने केलेला उपदेश आहे. खरे बोलण्याच्या आणि कर्तव्यापासून न ढळण्याच्या आज्ञेबरोबर माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देवासमान मानण्याची आज्ञाही त्यात आहे. विद्या मिळविणारा एकटा असला, तरी त्या विद्येचे धागे अनेकांशी जडलेले असतात, हेच त्यातून सुचविलेले नाही काय?

या संदर्भात एक प्रसंग आठवतो. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आपल्या लहानग्या मुलीला घेऊन अटलांटिक महासागर ओलांडून आल्या होत्या. बोटीचा तो प्रवास दिवसांचा, खर्चाचा आणि कष्टाचा होता. पदवी तर त्या आल्या नसत्या तरी मिळणारच होती. पण दूरदेशी यश मिळविणाऱ्या आपल्या माणसाला ते यश घेताना डोळ्यांनी पाहावे, यासाठी त्या आल्या. पुढे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. स्वदेशात वैद्यकी करण्याचे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले. त्या पदवीचा उत्सव करण्यासाठी नंतर दुसरा दिवस उगवला नाही. जो एक दिवस हाती होता, तो मात्र वाया गेला नव्हता.

कित्येक तरुणांचा आक्षेप निराळा असतो. तो झगा, ती टोपी, ती मिरवणूक हे सारे परक्यांकडून आलेले आणि पोकळ आहे, असे ते म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१९ साली समारंभाच्या पोशाखासाठी हातमागाचे कापड वापरण्याविषयी विद्यापीठांस लिहिले होते. शांतिनिकेतनात तर विश्वभारतीच्या पदवीधरांस सप्तपर्णीची, म्हणजे आपल्याकडच्या सातविणीची, पाने देण्याची प्रथा आहे. वेष बदलता येतो, रीत बदलता येते. पण कापड कोणतेही असो, मुलीचे नाव उच्चारले जाताना मागच्या रांगेत बसलेल्या आईच्या डोळ्यांत जे उभे राहते, ते परके नसते.

मग प्रत्येकाने गेलेच पाहिजे काय? तसे मुळीच नाही. नवी नोकरी धोक्यात येत असेल, घरात कोणी आजारी असेल, प्रवासासाठी कर्ज काढावे लागत असेल, तर निःशंकपणे ‘अनुपस्थितीत’ अशी खूण करावी. त्यात कमीपणा नाही. मात्र तो दिवस अगदी कोरा जाऊ देऊ नये. पदवीपत्र आले, की ते पाकिटातून काढून थेट कपाटात ठेवू नये. ज्यांनी पैसा पुरविला, ज्यांनी पहाटे उठवून डबा करून दिला, ज्या शिक्षकांनी हाती धरले, त्यांच्या हाती ते एकदा द्यावे. आजीला वाचता येत नसेल, तर वाचून दाखवावे. घरापुरते समावर्तन एवढ्यानेही साधते.

मुलांना सांगणे इतकेच, की चौकटीत खूण करण्यापूर्वी घरी विचारा, आणि उत्तर नीट ऐका. घरची माणसे ‘आम्हाला यायचे आहे’ असे सहसा म्हणत नाहीत. ती प्रवेशिका किती मिळतात, गाडी किती वाजता आहे, असे काहीबाही विचारतात.

आणि आईवडिलांनो, आपणही थोडे मोकळे व्हावे. मनात असेल ते आडून विचारण्यापेक्षा स्पष्ट सांगावे, “आम्हाला तुला तिथे पाहायचे आहे.” एकविसाव्या वर्षी आडवळणाचे बोलणे उमगत नाही. मला उमगले नव्हते. माझ्या मुलीला मात्र मी त्या दिवशी माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. तिने काही न बोलता अर्ज पुढे ओढला आणि पहिल्या चौकटीत खूण केली.