धारण तलाव आणि यंत्राचा बर्फ

थंडीची चाहूल लागली की आमच्या नवी मुंबईत एक मागणी ऐकू येते: परदेशातल्यासारखे बर्फावरचे स्केटिंग इथेही हवे. मॉलमध्ये यंत्राने गोठवलेले आणि तासावर तिकीट लावलेले का असेना, पण हवे. हौसेला मोल नसते हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही या मागणीस आमचा विरोध आहे, आणि तो 'परक्यांची थेरं' म्हणून मुळीच नाही. ज्यांच्याकडून हा छंद घ्यायचा त्यांच्याकडून तो आपण नीट घेतच नाही, ही आमची तक्रार आहे.

डचांचेच पाहा. सतराव्या शतकातल्या हेंड्रिक आवरकाम्पच्या चित्रांत गोठलेल्या पाण्यावर उमराव, कष्टकरी आणि पोरेटोरे एकाच गर्दीत घसरताना दिसतात. फ्रीसलंडमधली अकरा शहरांची सुमारे २०० किलोमीटरची शर्यत १९०९ साली सुरू झाली. वाटभर १५ सेंटीमीटर जाडीचा बर्फ धरला तरच ती भरते. ४ जानेवारी १९९७ नंतर ती एकदाही भरलेली नाही. हौशी मंडळी ऑस्ट्रियातल्या वाइसनझे सरोवरावर जाऊन तेवढे अंतर कापतात; पण मूळ शर्यत पाणी गोठल्याखेरीज भरत नाही. ऋतूने सर्वांच्या पाण्यावर सर्वांना दिलेली ही चार दिवसांची मोकळीक आहे. यंत्रातून तिचा फक्त गुळगुळीतपणा हाती येतो.

आणि तोही कसा? ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद जागेवर ३ सेंटीमीटर बर्फ धरायचा तर सुमारे ५०,००० लिटर पाणी लागते. शून्य अंशावरच्या पाण्याचा बर्फ करताना जितकी उष्णता काढावी लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापेल. ही उष्णता जाणार कुठे? शेजारच्या गल्लीत!

खेळाडूंची गोष्ट निराळी. महाराष्ट्राच्या मुलामुलींनी लेहच्या बर्फावर पदके मिळवली आहेत. त्यांच्या सरावासाठी सरकारने खुशाल रिंक बांधावी, आम्ही टाळ्या वाजवू.

गंमत अशी, की डचांची तळी आपल्याकडे आहेतच. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर शहर वसवताना सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव केले: भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला खाडीत उतरते. हे तलाव गोठणार नाहीत, हे सांगायला हवामानखाते नको. पण जानेवारीच्या पहाटे नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या काठावर जाऊन पाहा. पाण्यावर धुके, कानटोप्या घातलेले आजोबा, जवळच्या पाणथळीत रोहित पक्षी. आवरकाम्पच्या चित्रातली सरमिसळ इथे आहे, आणि तिकीटघर नाही. हिवाळ्याचा आमचा छंद तो हाच.

त्याची आपण काय दशा केली? अनेक धारण तलाव गाळाने भरले. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, आणि २०२४ साली त्या परिसरात रोहित मेले. राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ साली त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली खरी. पण त्यासाठी सामान्य नागरिकांना रस्त्यावर उभे राहावे लागले. यंत्राच्या बर्फाची मागणी करणारे आमचे शेजारी तेव्हा त्या रांगेत फारसे दिसले नाहीत.

स्केट्सच हवे असतील तर चाकांचे आणावेत. सकाळी सहाला तलावाकाठी जागा असते.